वाळूच्या गायरानावर

एडिंबरा शहराच्या दक्षिण अंगाला ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाचे मैदान आहे. कुंपण नाही, फाटक नाही, पहारेकरी नाही. जूनमधल्या लांबलचक संध्याकाळी विद्यार्थी गवतावर पसरलेले असतात, कुत्री धावत असतात आणि या सगळ्यांच्या मधून एखादे आजोबा हातात दोन क्लब घेऊन आपले गोल्फ खेळत असतात. होल छोटे छोटे. आपला क्लब आणि बॉल सोबत असला की कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळायला शिकलेला मी त्या मैदानाच्या कडेला बराच वेळ बसून राहिलो. आपल्याकडे गोल्फ म्हटले की आधी भिंत दिसते. भिंतीमागे छावणी असते, जिमखाना असतो किंवा बिल्डरची वसाहत असते. हा खेळ गावाच्या मोकळ्या जमिनीवर वाढला हे मी वाचले होते. पण ती जमीन आजही गावाचीच आहे, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही, हे बघायला स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत जावे लागले.

शहराचे बंदर म्हणजे लीथ. तिथल्या लिंक्सवर आता गोल्फ खेळत नाहीत. मोठ्या झाडांची रांग असलेली ती साधी बाग आहे. पण गोल्फचे पहिले ज्ञात लेखी नियम इथल्या खेळाडूंनी 1744 मध्ये केले. एडिंबरा नगरपालिकेने बक्षीस म्हणून चांदीचा क्लब दिला होता. स्पर्धा घ्यायची तर नियम हवेत, म्हणून तेरा कलमे लिहिली गेली. पहिले कलम सांगते की बॉल आधीच्या होलपासून एका क्लबच्या अंतरात टीवर ठेवावा. म्हणजे तेव्हा वेगळी टी नव्हती. होलमध्ये बॉल गेला की शेजारूनच पुढचा फटका. आणखी एका कलमात, बॉल मारताना आड येणारे दगड आणि हाडे कुठे उचलायची आणि कुठे नाही, ते सांगितले आहे. हाडे! त्या एका शब्दातून जमीन डोळ्यांपुढे उभी राहते: गुरे चरणारी, कपडे वाळत पडलेली, लोकांची ये-जा असलेली.

ती पहिली स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने. पुढच्याच वर्षी तो राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टच्या बंडात सैन्याचा वैद्य म्हणून गेला आणि कलोडनच्या पराभवानंतर कैद झाला. त्याची सुटका व्हावी म्हणून ज्यांनी शब्द टाकला, ते डंकन फोर्ब्स स्कॉटलंडचे सर्वोच्च न्यायाधीश होते, राजाच्या बाजूचे होते आणि लीथच्या मैदानावर रॅट्रेबरोबर गोल्फ खेळलेले होते. आज त्या बागेत रॅट्रेचा पुतळा आहे, क्लब उगारलेला.

ही लिंक्स जमीन कशी तयार झाली ते कळल्याशिवाय पुढचा प्रवास कळत नाही. हिमयुग संपले, बर्फाचे प्रचंड ओझे उतरले आणि दबलेली जमीन हळूहळू वर आली. समुद्र मागे सरला आणि त्याच्या जुन्या काठावर वाळूचे पट्टे उघडे पडले. वाऱ्याने त्यांच्या टेकड्या केल्या, पक्ष्यांच्या शिटेने आणि नद्यांच्या गाळाने थोडा कस आला, मग बारीक पात्याचे चिवट गवत धरले. पाणी वाळूत लगेच जिरते, त्यामुळे नांगराला ही जमीन निकामी. मेंढ्या, ससे, तिरंदाजी आणि वाळत घातलेली मासेमारीची जाळी, यासाठी ती उपयोगी. मेंढ्या आणि ससे गवत खुरटे ठेवत. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या जिथे अंग घुसळत बसत तिथली वाळू उघडी पडे, आणि तेच पहिले बंकर, असे परंपरेने सांगतात. गोल्फ कोर्स कुणी बांधला नव्हता. आधी जमीन होती आणि खेळणारे तिच्यावरून वाट काढत गेले. राजांना हे आवडत नव्हते. 1457 मध्ये दुसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली, कारण पोरे धनुष्यबाणाचा सराव सोडून तिकडे जात. बंदी 1471 आणि 1491 मध्ये पुन्हा घालावी लागली, यावरूनच तिचा उपयोग किती झाला ते दिसते. 1502 मध्ये इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्स राजाने पर्थ शहरातल्या धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून स्वतःसाठी क्लब विकत घेतले.

एडिंबऱ्याच्या पूर्वेला अर्ध्या तासाच्या आत मसलबरा. इथला जुना नऊ होलचा कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या वर्तुळात आहे. पहिल्या टीवरून निघून शर्यतीची पट्टी ओलांडत आत जायचे. इथे 1672 मध्ये गोल्फ खेळल्याची नोंद आहे आणि 1874 ते 1889 या काळात ब्रिटिश ओपन स्पर्धा सहा वेळा इथे झाली. आज इथे बोर्डवर हिशेब लिहिलेली साधी खोली आणि चार खुर्च्या.

मसलबऱ्याने खेळाला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे होलचे माप. 1829 साली इथे होल पाडायचे हत्यार केले, त्याची रुंदी सव्वाचार इंच होती. पुढे तेच माप सगळीकडे सक्तीचे झाले. येरवड्याला माझा पट ज्या काठावरून परत फिरतो तो काठ या गावाने ठरवला आहे. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. जानेवारी 1811 मध्ये इथल्या क्लबने गावातल्या कोळणींची गोल्फ स्पर्धा घेतली; बक्षीस होते मासळीची नवी टोपली आणि रेशमी रुमाल. पाठीवर टोपली घेऊन एडिंबऱ्यापर्यंत मासे विकायला चालत जाणाऱ्या बायका सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळत. स्त्रियांच्या गोल्फच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि ती सरदारांच्या घरातली नसून कोळीवाड्यातली आहे.

इथे हिकरी लाकडाच्या दांड्याचे जुने क्लब भाड्याने मिळतात. पाच-सहा क्लबची हलकी पिशवी. मी मॅशी बाहेर काढला. हा साधारण आपल्या पाच नंबर आयर्नच्या कामाचा. पकडीवर गुंडाळलेली चामड्याची पट्टी वापराने काळी आणि गुळगुळीत झालेली, लोखंडी तोंडावर खाचांऐवजी टोचून काढलेले ठिपके, आणि दांडा बोटाने दाबला तर किंचित पीळ खाणारा. या पिळातच सगळे आहे. स्टीलचा दांडा जोर सहन करतो. हिकरीला घाई केली की डोके मागे राहते आणि बॉल उजवीकडे निसटतो. खांद्याचा ताल सावकाश ठेवला आणि दांड्याला उलगडायला वेळ दिला, की बॉल मऊ आवाज करून निघतो आणि तो फटका तळहाताला नीट कळतो. स्टीलच्या दांड्याला, नियम करणाऱ्या सेंट अँड्रूजच्या क्लबने 1929 मध्ये परवानगी दिली. त्याआधीची सगळी पिढी याच लाकडावर खेळली, आणि ते लाकूड अमेरिकेतून जहाजाने येई. सरावासाठी मला आजवर मिळालेल्या सल्ल्यांपैकी सर्वांत नेमका सल्ला मला या मॅशीने दिला.

किनाऱ्याने पुढे नॉर्थ बेरिक. समोर समुद्रात बास रॉक हा उभा कडा, गॅनेट पक्ष्यांनी पांढरा झालेला. त्यांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक. कोर्सवर एके ठिकाणी ग्रीनच्या आडवी जुनी दगडी भिंत आहे. भिंत पाडायची कुणाला गरज वाटली नाही, तिच्यावरून मारायचे. पंधरावा होल रेडान, तिरकी आणि मागे उतरती ग्रीन असलेला. क्रिमियन युद्धातल्या किल्ल्याच्या बुरुजावरून हे नाव पडले आणि त्याची नक्कल जगभरच्या कोर्सवर झाली आहे. गावातल्या मुलांसाठी नऊ होलचा वेगळा छोटा कोर्स आहे. तिथे मोठ्यांनी खेळायचे तर सोबत मूल हवे.

फोर्थची खाडी ओलांडली की फाइफ. दक्षिण किनाऱ्यावर मासेमारीची छोटी गावे एकामागून एक येतात: लाल कौलांची घरे, दगडी धक्के, खेकड्यांचे पिंजरे. एली या गावी पहिल्याच होलसमोर टेकाड आहे, पलीकडे कोण चालते आहे ते टीवरून दिसत नाही. म्हणून सुरुवात करून देणाऱ्या माणसाच्या खोपट्यात पाणबुडीची पेरिस्कोप बसवली आहे. ती ‘एक्सकॅलिबर’ या ब्रिटिश नौदलाच्या पाणबुडीची. 1966 मध्ये तिचा हा डोळा इथे आला. मलाही त्यातून बघू दिले. टेकाडामागे दोन बायका आपल्या ट्रॉल्या ओढत ग्रीनकडे निघाल्या होत्या, आणि पलीकडे समुद्राची निळी रेघ. शेजारच्या अर्ल्सफेरी वस्तीत जेम्स ब्रेड जन्मला. सुतारकाम शिकलेल्या या माणसाने 1901 ते 1910 या काळात ओपन पाच वेळा जिंकली.

क्रेलला गोल्फ मंडळी 1786 पासून आहे. भूशिराच्या टोकाशी कोर्स, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि वारा इतका की बोलणे अर्धवट ऐकू येते. सभासदांत कोण कोण आहेत, असे मी तिथल्या एका गृहस्थांना विचारले. त्यांनी बोटावर मोजायला सुरुवात केली: बोटवाले, शिक्षक, बटाट्याची शेती करणारे, विद्यापीठातले दोन प्राध्यापक, गॅरेजवाला.

मग सेंट अँड्रूज. वस्ती सतरा-अठरा हजारांची, त्यात 1413 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, त्यामुळे रस्त्यात तरुण चेहरे फार. एका टोकाला पडझड झालेले कॅथीड्रल, दुसऱ्या टोकाला ओल्ड कोर्स, आणि दोन्हींना जोडणारे तीन रस्ते. ओल्ड कोर्सचा अठरावा होल गावाच्या आतच येऊन संपतो. शेवटच्या ग्रीनला लागून दुकाने, घरे, कठड्यावर रेलून बघणारी माणसे. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून समुद्रकाठी जाणारा सार्वजनिक रस्ता आहे. बाबागाडी ढकलत एखादी आई आली की फटका थांबतो.

या मैदानावरचा गावाचा हक्क कागदावर आहे. 1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टनने सनद दिली. या वाळूवर ससे पाळायची परवानगी त्याने घेतली आणि गोल्फ, फुटबॉल, तिरंदाजी व इतर सर्व खेळांचा लोकांचा हक्क मान्य केला. पुढे 1797 च्या सुमाराला नगरपालिका दिवाळखोर झाली आणि तिने जमीन विकली. ज्यांच्याकडे ती गेली त्या व्यापाऱ्यांनी सशांचा धंदा मांडला. बिळांनी मैदान पोखरले, गोल्फ खेळणारे चिडले, मारामाऱ्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर 1821 मध्ये शेजारच्या इस्टेटीचा मालक जेम्स चीप याने जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे खेळ वाचला. 1894 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ती पुन्हा गावाची झाली आणि 1974 पासून एक विश्वस्त संस्था सातही सार्वजनिक कोर्स चालवते. आपल्या गावोगावच्या गायरानांचे पुढे काय झाले ते माहीत असलेल्या माणसाने हा इतिहास सावकाश वाचावा.

पैशांचे गणितही याच हक्कावर उभे आहे. बाहेरून आलेल्या माणसाला ओल्ड कोर्सची एक फेरी तीनशे पौंडांच्या वर पडते. अमेरिकेतून, जपानातून, कोरियातून माणसे येतात आणि आयुष्यभर मनात ठेवलेली ही फेरी खेळतात. गावकऱ्याला मात्र वर्षभराचा पास त्या मानाने फारच थोड्या पैशांत मिळतो, आणि पाहुण्यांच्या पैशांवर गवत, बंकर आणि मुलांचे शिक्षण चालते. खेळायला कोण मिळणार हे ओळखीवर ठरत नाही. रोज सोडत निघते आणि यादी सगळ्यांसाठी लावली जाते. जगात ज्याला मक्केचा मान आहे त्या मैदानाची ही रीत मला सर्वांत अनपेक्षित होती. याउलट ज्या दगडी इमारतीचा फोटो सगळे काढतात, ती रॉयल अँड एन्शंट क्लबची वास्तू कोर्सची मालक नाही. 1754 मध्ये बावीस सरदार-गृहस्थांनी काढलेल्या मंडळीला 1834 मध्ये चौथ्या विल्यम राजाने हे नाव दिले. स्त्रियांना सभासद करून घ्यायला या क्लबला 2014 साल उजाडावे लागले. त्याच क्लबच्या वसंत ऋतूतल्या स्पर्धेत बॉम्बे मेडल नावाच्या पदकासाठी खेळतात. 1840 च्या दशकात मुंबईच्या गोल्फ क्लबाने पाठवलेले. मुंबईत गोल्फ सुरू होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती.

रविवारी ओल्ड कोर्स बंद. काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर त्या दिवशी तिथे गोल्फ होत नाही. मैदान गावाचे असते आणि गाव ते वापरते. सकाळी चर्चची घंटा झाली की कुटुंबे फेअरवेवरून चालत निघतात. मुले स्विल्कन ओढ्यावरच्या इवल्याशा दगडी पुलावर चढतात. हा पूल काही शतकांपूर्वी मेंढपाळांसाठी बांधला होता. मी सतराव्या होलच्या बंकरपाशी गेलो. त्याची उभी भिंत म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या वड्या, एकावर एक भाकऱ्यांची चळत रचावी तशा. दर थोड्या वर्षांनी या चळती पाडून नव्या रचतात. 1978 च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा ग्रीनवरून पट मारताना याच खड्ड्यात गेला, आणि त्या होलवर त्याचे नऊ झाले. चौदाव्याचा ‘हेल’ बंकर तर खोलीएवढा; 1995 मध्ये जॅक निकलॉसला त्यातून निघायला चार फटके लागले. असे एकूण 112 बंकर, आणि बरेचसे टीवरून दिसतही नाहीत.

माझी सोडत लागली त्या दिवशी वारा समुद्राकडून होता. कॅडी स्थानिक, निवृत्त नळकारागीर, बोलणे मोजके. पहिल्या टीवर त्याने दिशा दाखवली आणि सांगितले, “गवताकडे बघू नका. मनोरा दिसतो ना? तिकडे मारा.” या कोर्सवर लांबून सगळे सपाट दिसते, म्हणून नेम नेहमी गावातल्या एखाद्या उंच खुणेवर धरतात. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. कारण ग्रीन बहुतेक दुहेरी आहेत: दुसऱ्या होलची आणि सोळाव्याची एकच, तिसऱ्याची आणि पंधराव्याची एकच, आणि जोडीतल्या होलच्या आकड्यांची बेरीज दर वेळी अठरा. मूळची वाट एकच चिंचोळी होती, त्याच होलवर जायचे आणि परतायचे. 1764 मध्ये सुरुवातीचे चार आखूड होल एकत्र करून दोन केले. जाता-येता मिळून बावीसचे अठरा झाले, आणि जगाने अठरा हा आकडा इथून उचलला.

तिसऱ्या होलवर माझा बॉल ग्रीनपासून तीसेक यार्डांवर होता. मी साठ अंशाचा वेज काढला. कॅडीने तो हळूच परत पिशवीत सरकवला आणि पटर हातात दिला. “हवेत गेला की वाऱ्याचा, जमिनीवर राहिला की तुमचा.” बॉल खोलगट भागात उतरला, पुन्हा चढला, डावीकडे वळला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर तो वेज मी बाहेर काढला नाही. आपल्याकडच्या कोर्सवर हरळीच्या कुळातले गवत असते आणि त्याला रोज पाणी लागते, त्यामुळे जमीन मऊ आणि बॉल उंचावरून टाकून थांबवायचा. म्हणून दुकानदार आपल्याला उंच उडवणारे क्लब विकतात आणि आपणही सराव तोच करतो, रबराच्या चटईवर. चटई फटक्याची चूक लपवते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे पडला तरी घसरून पुढे जातो. इथल्या वाळूवरच्या बारीक, कोरड्या गवतावर तो तिथेच रुततो. या खेळासाठी हत्यारांत काय हवे आणि काय नको, याचे माझे सगळे आडाखे त्या फेरीत बदलले. उंचीवर आणि ताकदीवर खर्च केलेले पैसे वाया जातात. पटर आणि बॉल खाली ठेवणारे एखादे मधले आयर्न ज्याला नीट येते, तो इथे मजेत खेळतो.

अकराव्या ग्रीनवर कॅडीने बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. 1921 च्या ओपनमध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, इथल्या बंकरमध्ये अडकून त्याने स्पर्धा सोडली आणि कोर्सला शिव्या घातल्या. 1927 मध्ये तो इथेच जिंकला आणि 1930 मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धाही त्याने इथेच जिंकली. 1958 मध्ये, पाय अधू झालेले असताना, गावाने त्याला नागरिकत्वाचा मान दिला. हा मान मिळालेला याआधीचा अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन, 1759 मध्ये.

कोर्सच्या कडेला, समुद्राच्या बाजूला, ‘हिमालया’ आहे. नुसते पटिंगचे मैदान, पण लाटांसारखे उंचसखल. 1867 मध्ये गावातल्या स्त्रियांनी आपला क्लब काढला, तेव्हा खांद्याच्या वर क्लब नेणे बाईमाणसाला शोभत नाही असा समज होता. म्हणून त्यांना मिळाले हे पटिंग. त्यांनी ते सोडले नाही. आज तो स्त्रियांचाच क्लब आहे आणि काही पौंड देऊन कुणीही खेळू शकतो. एक पटर आणि एक बॉल घेऊन आम्ही आत गेलो. माझी बायको आयुष्यात पहिल्यांदा गोल्फचा क्लब हातात धरत होती. पुढे एक आजी नातवाला शिकवत होत्या, “बघ, आधी टेकडी, मग होल.” तासाभरात बायकोने मला दोनदा हरवले. या गावातला सर्वांत आनंदी गोल्फ मी इथे पाहिला, यात शंका नाही.

रॉयल अँड एन्शंट क्लबसमोरच्या संग्रहालयात बॉलची गोष्ट मांडली आहे, आणि हत्यारांच्या इतिहासात त्याहून मोलाची दुसरी नाही. आधीचा बॉल चामड्याचा. आत उकळून मऊ केलेली हंसाची पिसे, टोपीभर, कोंबून भरत. चांगला कारागीर दिवसाला चारेक करी. बॉल क्लबपेक्षा महाग पडे आणि पावसात फुटे. 1848 च्या सुमाराला मलायातून येणाऱ्या झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, बॉल आला. एक गोष्ट सांगतात की भारतातून सेंट अँड्रूजला पाठवलेली विष्णूची मूर्ती ज्या चिकाच्या तुकड्यांत गुंडाळली होती, त्यांतूनच पहिला बॉल झाला. तो स्वस्त होता, गरम पाण्यात घालून पुन्हा गोल करता येई, आणि त्यामुळे गवंडी, विणकर, कोळी यांना खेळ परवडू लागला. गंमत अशी की नवा गुळगुळीत बॉल नीट उडेना, खरचटलेला जुना चांगला उडे. म्हणून लोक मुद्दाम हातोडीने ठोके देऊ लागले. आजच्या बॉलवरच्या खळग्यांचे मूळ ते. खळग्यांमुळे हवा बॉलच्या पाठीशी जास्त वेळ चिकटते आणि मागे ओढणारी पोकळी लहान होते.

या बॉलवरूनच दोन माणसांत फूट पडली. पिसांचे बॉल करणारा अ‍ॅलन रॉबर्टसन आणि त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस. टॉम एकदा नव्या बॉलने खेळताना दिसला आणि दोघांचे बिनसले. 1851 मध्ये टॉम पश्चिम किनाऱ्यावर प्रेस्टविकला गेला. तिथे 1860 मध्ये आठ खेळाडूंत पहिली ओपन झाली. मसलबऱ्याचा विली पार्क जिंकला, टॉम दुसरा आला. पुढे टॉमने ती चारदा जिंकली, 1864 नंतर सेंट अँड्रूजला परतला आणि मैदान राखायची विद्या त्याने घडवली. गवतावर वाळू पसरायची रीत त्याचीच म्हणतात. त्याचा मुलगा, तोही टॉम, बापापेक्षा सरस निघाला: 1868 पासून सलग तीन ओपन आणि 1872 मध्ये चौथी. सप्टेंबर 1875 मध्ये बाप-लेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत असताना तार आली, धाकट्या टॉमच्या बायकोचे बाळंतपण अवघड झाले आहे. रस्त्याने वेळ लागेल म्हणून एका गृहस्थाने आपली बोट दिली आणि ते फोर्थ ओलांडून निघाले. टॉम घरी पोचण्याआधी बायको आणि बाळ दोघेही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला, वय चोवीस. कॅथीड्रलच्या भिंतीत त्याचे शिल्प आहे, पट मारायला वाकलेला. त्याचा खर्च साठ गोल्फ मंडळ्यांनी वर्गणी काढून केला. खाली बापाची साधी कबर. थोरला टॉम 1908 पर्यंत जगला.

टे नदी ओलांडली की डंडी. या शहराचा संबंध थेट हुगळीशी. बंगालचा ताग इथे यायचा, व्हेलच्या तेलात मऊ केला जायचा आणि त्याची पोती, कॅनव्हास जगभर जायचे. गिरण्या पुढे कोलकात्याला उभ्या राहिल्या तेव्हा त्या चालवायला डंडीचेच मुकादम आणि व्यवस्थापक गेले, पिशवीत गोल्फचे क्लब घेऊन. 1829 चा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. या मंडळींना त्या क्लबची सोय झाली. तागाच्या गिरणीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बंगाली-बिहारी मजुराला मात्र तिथे प्रवेश मिळाला तो कॅडी म्हणून. खेळ समुद्र ओलांडून आपल्याकडे आला, गायरान मागेच राहिले.

तिथून जवळच कार्नूस्टी. आभाळ राखी, रेल्वेमार्ग कोर्सला खेटून, आणि बॅरी नावाचा ओढा शेवटच्या दोन होलवर असा वळणे घेत फिरतो की दर फटक्याला पुन्हा आडवा येतो. 1999 मध्ये ज्याँ व्हॅन द वेल्डला शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी होती; तो बूट काढून याच ओढ्यात उतरला आणि अखेर ओपन जिंकली पॉल लॉरीने. हे गाव खेळाडू निर्यात करणारे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली पोरे गोल्फ शिकवायला मोठ्या संख्येने अमेरिकेला गेली. त्यातला स्ट्यूअर्ट मेडन अटलांटाला पोचला, आणि त्याचा स्विंग बघून बघून लहानपणी गोल्फ शिकला तो बॉबी जोन्स.

मुख्य कोर्सच्या शेजारी बर्नसाइड नावाचा गावाचा दुसरा कोर्स आहे. संध्याकाळी सातला आम्हाला दोन स्थानिक खेळाडू भेटले, एक शाळेच्या बसचे चालक, दुसऱ्या निवृत्त परिचारिका. दोघांच्या खांद्यावर पातळ पिशव्या, प्रत्येकीत सात क्लब. नियमाने चौदा चालतात, मग सातच का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “खांदा माझा आहे ना.” मीही माझे निम्मे क्लब गाडीत ठेवले: ड्रायव्हर, पाच, सात आणि नऊ नंबर आयर्न, एक वेज, पटर आणि एक फेअरवे वुड घेतले. चौघे निघालो. माझ्या बायकोने झेंडा धरायचे काम घेतले आणि चौथ्या होलपासून तीही पट मारू लागली. दहा वाजायला आले तरी उजेड होता, आणि परिचारिका बाईंनी सतराव्या टीवरून ओढ्याच्या अलीकडे बॉल कसा ठेवायचा ते सांगून मला पाच नंबर काढायला लावले.